प्रस्तावना : पडद्याचे पाठभेद

नाटक दर प्रयोगाला थोडे बदलते, हे आपण गृहीतच धरलेले असते. चित्रपट मात्र एकदा डब्यात बंद झाला की कायमचा तसाच राहतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात चित्रपट चाचणी-खेळानंतर कापला जातो, निर्मात्याच्या मर्जीने आखडतो, दूरचित्रवाणीसाठी त्याच्या कडा छाटल्या जातात. पुढे कॅसेट, लेझरडिस्क, डीव्हीडी, ब्लू-रे अशा वाटांनी तो घरात येतो, तेव्हा त्याची कोणती प्रत खरी मानायची हे प्रत्येक वेळी कुणीतरी ठरवलेले असते. त्या ठरवण्याचा अभ्यास हा या पुस्तकाचा विषय आहे. रंगभूमीवरून पडद्यावर आलेल्या संगीतपटांत तो सर्वांत रंगतदार होतो, कारण तिथे मूळ संहिता आधीच एक जन्म घेऊन आलेली असते आणि प्रेक्षकांचे तिच्याविषयीचे आग्रहही पक्के झालेले असतात.

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाचे मी मनापासून स्वागत करतो. व्याख्यांपासून सुरुवात करण्याऐवजी एकच चित्रपट हाती धरून आत शिरावे, हे मला अधिक सोयीचे वाटते. तो चित्रपट म्हणजे पीटर एच. हंट यांनी दिग्दर्शित केलेला ‘१७७६’. त्यावर प्रेम करणारेही भरपूर आहेत आणि तो मुळीच न सोसणारेही. या क्षेत्रातले जवळजवळ सगळे मूलभूत प्रश्न त्याच्या चकत्यांवर उमटलेले आहेत.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा कसा मंजूर झाला, याची ही कथा. फिलाडेल्फियातल्या उन्हाळ्यात एका सभागृहात वसाहतींचे प्रतिनिधी भांडतात, चालढकल करतात, सौदे करतात आणि अधूनमधून गातात. गीते आणि संगीत शर्मन एडवर्ड्‌स यांचे. लोकप्रिय गाणी रचणारे हे गृहस्थ एकेकाळी इतिहासाचे शिक्षक होते. संहिता पीटर स्टोन यांची. १६ मार्च १९६९ रोजी नाटक ब्रॉडवेवर आले, त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा टोनी पुरस्कार त्याला मिळाला आणि त्याचे १,२१७ प्रयोग झाले. त्यातल्या एका प्रदीर्घ प्रवेशात अर्ध्या तासाच्या आसपास एकही गाणे येत नाही; प्रेक्षक केवळ वादविवादावर खिळून राहतो. संगीत नाटकातही गद्याला एवढा भार वाहायला लावणे किती धाडसाचे असते, हे पदांच्या प्रतीक्षेत बसणाऱ्या मराठी रसिकाला वेगळे सांगायला नको.

स्वतःचा प्रसिद्ध स्टुडिओ सोडून स्वतंत्र निर्माते झालेल्या जॅक एल. वॉर्नर यांनी कोलंबिया पिक्चर्ससाठी हा चित्रपट काढला. दिग्दर्शक, लेखक आणि बराचसा नटसंच त्यांनी रंगभूमीवरूनच उचलला. विल्यम डॅनियल्स जॉन अ‍ॅडम्स झाले, हॉवर्ड डा सिल्वा बेंजामिन फ्रँकलिन आणि केन हॉवर्ड थॉमस जेफरसन. हंट यांचा तो पहिलाच चित्रपट होता. नोव्हेंबर १९७२ मध्ये तो झळकला आणि समीक्षक दुभंगले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या व्हिन्सेंट कॅन्बी यांनी संगीत आणि गीतांना नावे ठेवूनही चित्रपट शेवटी आपल्याला जिंकतो, अशी कबुली दिली. शिकागोच्या रॉजर ईबर्ट यांना मात्र राष्ट्रपुरुषांचे हे गाते-नाचते रूप सहनच झाले नाही. रंगमंचावरचा ठसठशीत अभिनय कॅमेऱ्याजवळ आला की भडक वाटतो, ही एका बाजूची तक्रार. तोच ठसा या माणसांना पुतळ्यांच्या चौथऱ्यावरून खाली उतरवतो, हे दुसऱ्या बाजूचे म्हणणे.

मात्र त्या नोव्हेंबरात दोन्ही बाजूंनी पाहिला तो चित्रपट हंट यांनी चित्रित केलेला पूर्ण चित्रपट नव्हताच. चित्रगृहातली प्रत १४१ मिनिटांची होती आणि तिच्यात नाटकातले एक महत्त्वाचे गाणे गायब होते.

या गाण्याची गोष्ट थोडी मागे जाते. २२ फेब्रुवारी १९७० रोजी, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनच्या जन्मदिनी, नाटकाचा प्रयोग व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यासमोर झाला. व्हिएतनामच्या युद्धाचा तो काळ. काही गाणी वगळावीत, अशी सूचना प्रयोगाआधी आली होती; निर्माते स्टुअर्ट ऑस्ट्रो यांनी ती मानली नाही. त्यांतलेच एक गाणे ‘कूल, कन्सिडरेट मेन’. स्वातंत्र्याला विरोध करणारे धनाढ्य, सनातनी प्रतिनिधी अ‍ॅडम्स सभागृहात नसताना एकत्र येतात आणि आपल्या सावधपणाचा, संपत्तीचा, उजव्या बाजूच्या वाटचालीचा गौरव करत मिन्युएटच्या ठाय लयीत नाचतात. पुढे चित्रपट पूर्ण होत आला तेव्हा निक्सन यांनी आपल्या या जुन्या मित्राकडे, वॉर्नर यांच्याकडे, शब्द टाकला आणि गाणे गेले. वॉर्नर यांना त्याची निगेटिव्हही नष्ट करायची होती. पण संकलनाच्या टेबलावरून ती गुपचूप वाचवली गेली. ही हकीगत मुख्यतः हंट यांनी अनेक वर्षांनी सांगितलेल्या आठवणींतून आपल्यापर्यंत आली आहे. या क्षेत्रातला पुरावा बहुतेक वेळा असाच असतो: एक डबा, एक साक्षीदार आणि अधेमधे कोरी पाने. साक्ष नोंदवताना ती कुणाची आणि किती वर्षांनंतरची, हे नोंदवण्याची सवय अभ्यासकाने पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

एक गाणे गेल्याने चित्रपटाचे नेमके काय झाले, ते अगदी जवळून पाहण्यासारखे आहे. नाटकात सनातन्यांचा हा नाच संपतो, श्रीमंत मंडळी बाहेर पडतात आणि रिकाम्या सभागृहात तीन गरीब उरतात: राखणदार मॅकनेअर, एक कामगार, आणि वॉशिंग्टनच्या छावणीतून पत्रे घेऊन येणारा कोवळा जासूद. इतका वेळ फक्त खलिते आणून देणारा हा पोरगा पहिल्यांदाच बोलतो आणि मग ‘मम्मा, लुक शार्प’ गातो. लढाईच्या मैदानात मरून पडलेला मुलगा आईला हाक मारतो आहे, असे ते गाणे. आधी रेशमी अंगरख्यातल्यांचा तोलूनमापून टाकलेला पदन्यास, लगेच पाठोपाठ पायी आलेल्या पोराचा एकाकी आवाज. त्याआधीच सनातन्यांचा पुढारी जॉन डिकिन्सन याने सभापती हॅन्कॉकला नाचात यायचे आवतण दिलेले असते आणि ज्यांच्यापाशी काही नाही तेही उद्याच्या श्रीमंतीच्या आशेने आपल्याच बाजूला उभे राहतील, असा हिशेब मांडलेला असतो. राखणदार, कामगार आणि जासूद हे तिघे त्या हिशेबाचे उत्तर म्हणून मागे उरतात. नाच कापला की जासूदाचे गाणे करुण तेवढे राहते. त्याच्यातला आरोप पुसला जातो. शिवाय डिकिन्सन हा स्वतःची तत्त्वे असलेला प्रतिस्पर्धी न राहता नुसता आडमुठा खलनायक होतो. ज्यांचा अपमान होऊ नये म्हणून गाणे काढले, त्यांचीच बाजू त्यामुळे कमकुवत झाली.

आता हा चित्रपट घरात कसकसा आला ते पाहू. १९९२ मध्ये पायोनियरच्या लेझरडिस्कवर कापलेले बरेचसे भाग, सुरुवातीच्या वाद्यसंगीतासह, पहिल्यांदा परत आले. २००२ मध्ये हंट यांनी पुन्हा जुळवलेली १६६ मिनिटांची ‘दिग्दर्शकाची प्रत’ डीव्हीडीवर आली. लेझरडिस्कवरचे काही तुकडे तिच्यात त्यांनी ठेवले नाहीत. २०१५ मध्ये, कोलंबियाची मालक असलेल्या सोनीने, फोर-के स्कॅनिंगवरून ब्लू-रे काढली. तिच्यात १६५ मिनिटांची दिग्दर्शकाची प्रत होती आणि १६८ मिनिटांची विस्तारित प्रतही. म्हणजे एकाच चित्रपटाच्या किमान चार आवृत्त्या अभ्यासकासमोर आहेत आणि त्यांतली कोणतीही दुसरीचा निव्वळ शुद्ध नमुना नाही.

अशा प्रत्येक आवृत्तीमागे दोन निराळी कामे असतात आणि ती वेगळी ओळखता येणे ही या अभ्यासाची पहिली पायरी आहे. पहिले काम पदार्थाचे. १९५० नंतरच्या बहुतेक रंगीत चित्रपटांसारखी या काळातली निगेटिव्हही एकाच पट्टीवर तीन रंगांचे थर घेऊन येते. ते रंग सेंद्रिय रसायनांचे असल्याने अंधाऱ्या डब्यातही विटतात. सहसा निळसर-हिरवा थर आधी मंदावतो आणि चित्र गुलाबी-तांबडे दिसू लागते. अ‍ॅसिटेटची फिल्म दमटपणात आंबते, आकसते आणि डबा उघडताच शिरक्याचा वास येतो. कापून बाजूला ठेवलेला तुकडा मूळ रिळापासून दूर, वेगळ्या हवेत राहतो, त्यामुळे त्याचे वयही वेगळ्या गतीने वाढते. तो पुन्हा जोडताना आजूबाजूच्या दृश्यांशी त्याचे रंग, उजेड आणि कण जुळवावे लागतात. चांगल्या जुळणीत प्रेक्षकाला सांधा दिसत नाही. अभ्यासकाला मात्र तो कुठे आहे हे कळायलाच हवे.

माध्यमाची मर्यादाही याच कामाचा भाग. लेझरडिस्कवर चित्राच्या आडव्या रेषेत सव्वाचारशेच्या आसपास तपशील मावत असे, अमेरिकी डीव्हीडीवर ७२० गुणिले ४८० बिंदू, ब्लू-रेवर १,९२० गुणिले १,०८०. छायालेखक हॅरी स्ट्रॅडलिंग ज्युनियर यांना ‘१७७६’साठी ऑस्करचे नामांकन मिळाले होते. रुंद पडद्यासाठी रचलेली त्यांची चौकट, एकाच वेळी दहा-पंधरा प्रतिनिधींच्या चेहऱ्यांवर उमटणाऱ्या प्रतिक्रिया, जुन्या चौकोनी दूरचित्रवाणीवर दिसणेच शक्य नव्हते. या चित्रपटात बोलणाऱ्याइतकाच ऐकणारा महत्त्वाचा असल्याने ‘नाटकी’ हा शिक्का त्या छाटलेल्या चित्रामुळे किती गडद झाला असेल, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

दुसरे काम पाठाचे: काय ठेवायचे, काय गाळायचे, कुणाचा शब्द अखेरचा मानायचा. इथे शेजारची उदाहरणे बरेच शिकवतात. ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ हे छोट्या रंगमंचावर गाजलेले नाटक १९८६ मध्ये फ्रँक ऑझ यांनी पडद्यावर आणले. नाटकाप्रमाणेच नायक-नायिका मरतात असा शेवट त्यांनी मोठ्या खर्चाने चित्रित केला होता. चाचणी-खेळातल्या प्रेक्षकांना तो रुचेना, म्हणून सुखान्त जोडला. १९९८ च्या डीव्हीडीवर तो मूळ शेवट कृष्णधवल कार्यप्रतीवरून घातला गेला आणि निर्मात्याच्या हरकतीमुळे ती डीव्हीडी बाजारातून मागे घ्यावी लागली. अखेर २०१२ च्या ब्लू-रेवर तो रंगीत आणि पूर्ण रूपात आला. १९५५ चा ‘ओक्लाहोमा!’ तर दोन वेगवेगळ्या यंत्रणांसाठी दोनदा चित्रित झाला: टॉड-एओमध्ये सेकंदाला ३० चौकटी, सिनेमास्कोपमध्ये २४. दोन्हींतले अभिनयाचे टेक वेगळे आहेत. तिथे ‘मूळ प्रत कोणती’ या प्रश्नाला एकच एक उत्तर देता येणार नाही. ‘माय फेअर लेडी’चे उदाहरण उलट प्रकारचे. पाठाविषयी वाद नाही, पण निगेटिव्हची इतकी दुर्दशा झाली होती की रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्‌झ यांनी १९९४ मध्ये ती अक्षरशः वाचवली. २०११ ची ब्लू-रे निकृष्ट म्हणून रसिकांनी झोडपली आणि २०१५ मध्ये सारे काम नव्याने करावे लागले.

संगीतपटाच्या बाबतीत कान हे डोळ्यांइतकेच महत्त्वाचे साधन आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. भारतात आणि युरोपात रुळलेली पाल पद्धती २५ चौकटींची. तिच्यासाठी चित्रपट बहुधा चार टक्के जलद चालवला जाई. आवाजात वेगळी दुरुस्ती केली नाही, तर गायकाची पट्टी अर्ध्या स्वराच्या सुमारे सत्तर टक्के चढते आणि १६८ मिनिटांचा चित्रपट १६१ मिनिटांत संपतो. म्हणून वेष्टनावरची मिनिटे पाहून ‘इथे सात मिनिटे कापली आहेत’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे. ज्यांचे कान तंबोऱ्यावर तयार झाले आहेत, त्यांना या परीक्षेत इतरांपेक्षा बरेच आधी यश येईल.

मग कळीचा प्रश्न येतो. ज्या चित्रपटाच्या दर्जाविषयीच एकमत नाही, त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? ‘१७७६’वरचे आक्षेप किरकोळ नाहीत. त्यातला जेफरसन आपल्या गुलामांना मुक्त करण्याचा निश्चय आधीच झाल्याचे सांगतो. खऱ्या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. त्याची पत्नी मार्था फिलाडेल्फियाला येऊन गेल्याचा सारा प्रसंग कल्पित आहे. पण त्याच चित्रपटात दक्षिण कॅरोलिनाचा रटलेज एका थरकाप उडवणाऱ्या गाण्यात काकवी, रम आणि गुलाम या त्रिकोणी व्यापारातला उत्तरेचा वाटा उत्तरेच्या तोंडावर फेकतो आणि गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा परिच्छेद जाहीरनाम्यातून काढला जातो. तो परिच्छेद खरोखरच काढला गेला होता. २०१५ मध्ये ‘हॅमिल्टन’ने या कालखंडाला नवा प्रेक्षक मिळवून दिला. २०२२ मध्ये ‘१७७६’ स्त्रिया, ट्रान्स आणि नॉन-बायनरी कलाकारांच्या संचात ब्रॉडवेवर पुन्हा उभे राहिले, तेव्हा जुना वाद नव्या अर्थाने पेटला.

माझे म्हणणे एवढेच आहे: वादग्रस्त चित्रपटाचा जीर्णोद्धार हा त्या वादाचा निकाल असू नये. वाद पुढच्या पिढीला नीट घालता यावा, यासाठी पुरावा शाबूत ठेवणे हे त्याचे काम. दिग्दर्शकाची प्रत मोलाची खरी, पण तीही एक बाजू आहे. ‘१७७६’मध्ये कापलेले गाणे परत येणे मला न्याय्य वाटते. मात्र २००२ च्या डीव्हीडीवर १४१ मिनिटांची प्रत नव्हती, हे मला तितकेच खटकते. कॅन्बी आणि ईबर्ट यांनी जी पाहिली, निक्सन यांच्या काळाने जी सहन केली, ती प्रत नसेल तर त्या काळाच्या दडपणाचा दाखलाच नाहीसा होतो. सेन्सॉरची कात्री कुठे चालली हे दाखवायलाही कापलेली प्रत लागते.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या हस्तलिखितांची तुलना करून एक पाठ वर छापला. नाकारलेले पाठ मात्र फेकले नाहीत. ते तळटिपांत आणि परिशिष्टांत जपले, म्हणून संपादकांशी असहमत होणाऱ्याला त्यांच्याच ग्रंथातून दारूगोळा मिळतो. चित्रपटाच्या चकतीने हाच आदर्श ठेवावा: एक प्रत निवडा, निवडीची कारणे सांगा आणि बाकीच्या प्रती वाचकाच्या हाताशी ठेवा. त्याच पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि २००३ च्या आगीत जुनी नायट्रेट रिळे जळून गेल्याची जखमही त्याच शहराच्या वाट्याला आली. जळालेल्या रिळाचा पाठभेद नोंदवता येत नाही; म्हणून जे उरले आहे त्याची नोंद आजच व्हायला हवी.

नव्या अभ्यासकाने सुरुवात कशी करावी? एक संगीतपट निवडावा, शक्यतो ज्याच्याविषयी आपले मत ठाम आहे असा. त्याच्या मिळतील तेवढ्या प्रती गोळा कराव्यात. प्रत्येकीची लांबी, चौकट, ध्वनी आणि वेग यांचा तक्ता करावा. एकच गाणे निवडून ते प्रत्येक प्रतीत लागोपाठ पाहावे. त्याच्या आधीचे आणि नंतरचे दृश्य मात्र सोडू नये, कारण कात्रीचा परिणाम शेजारच्या दृश्यात अधिक दिसतो. नाटकाची छापील संहिता शेजारी उघडी असावी. कुणी काय कापले याविषयीच्या आठवणी ऐकाव्यात, पण त्या कागदपत्रांशी ताडून पाहाव्यात. पडद्यावरचे चित्र फार गुळगुळीत दिसले, तर फिल्मचे कण संगणकाने पुसले आहेत का ते तपासावे. मेणासारखे चेहरे हा जीर्णोद्धाराचा गुण नाही.

या कामात चित्रपटप्रेमी, संगीताचे जाणकार, इतिहासाचे विद्यार्थी, रसायनाचे पदवीधर आणि संपादनशास्त्राचे अभ्यासक या सगळ्यांना जागा आहे आणि कुणा एकाला ते झेपणारेही नाही. पुढची प्रकरणे पदार्थ, पाठ, ध्वनी आणि हक्क या क्रमाने लिहिली आहेत. वाचकाने ती आपल्या ओढीप्रमाणे कुठूनही उघडावीत. पुस्तक मिटल्यावर आपल्याला आवडणाऱ्या किंवा मुळीच न आवडणाऱ्या एखाद्या संगीतपटाच्या दोन प्रती वाचकाने समोरासमोर ठेवल्या आणि त्यांच्यातल्या फरकाची पहिली नोंद स्वतःच्या हाताने केली, तर या अभ्यासाला एक नवा सहकारी मिळाला असे मी मानेन.